जू आणि रूळ : लातूरच्या मुरुडचा पश्चिमी वारसा

मुरुड या नावाची महाराष्ट्रातील प्रसिद्धी जंजिऱ्याच्या जलदुर्गामुळे कोकणाकडे गेली असली, तरी याच नावाचे दुसरे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, लातूर तालुक्यात, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. भोवती काळी जमीन, ज्वारी-तुरीची आणि अलीकडे सोयाबीन-उसाची शेते, आणि शेतमालाच्या दैनिक दरपत्रकांत ‘लातूर-मुरुड’ अशी स्वतंत्र ओळ मिळवणारी बाजारपेठ असलेले हे गाव खेडे म्हणावे तर मोठे आणि शहर म्हणावे तर लहान आहे. जुन्या मराठीत अशा गावासाठी ‘कसबा’ हा नेमका शब्द होता. ज्या गावात आठवडी बाजार भरतो, कारागीर व व्यापारी राहतात आणि आसपासची खेडी मीठ-मिरचीपासून लोखंडी फाळापर्यंतच्या गरजांसाठी ज्याच्याकडे येतात, ते गाव म्हणजे कसबा. आणि मुरुडचे आजचे जगणेही मुळात कसब्याचेच आहे.

अशा गावाला पश्चिमेचा वारसा असू शकतो, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, कारण महाराष्ट्रात पाश्चात्त्य वारसा म्हटला की वसईची चर्चे, माथेरान-पाचगणीचे बंगले किंवा मुंबईतील दगडी इमारती आठवतात आणि मराठवाड्याच्या पठारावरील कसब्यात यांपैकी काहीही आढळत नाही. परंतु वारसा नेहमी इमारतींतच असतो असे नाही. अमेरिकेत ‘वेस्टर्न हेरिटेज’ या शब्दांनी जो वारसा ओळखला जातो, आणि ज्याच्यासाठी ओक्लाहोमा सिटी येथे १९५५ मध्ये एक मोठे संग्रहालय स्थापन झाले, तो गुरांचा, घोड्यांचा, बाजारगावांचा आणि त्या गावांपर्यंत पोहोचलेल्या रेल्वेचा वारसा आहे. मुरुडच्या परिसरात गुरे, बाजार आणि रेल्वे या तिन्ही गोष्टी एकत्र नांदल्या. शिवाय येथील रेल्वे हे एका इंग्रज अभियंत्याच्या डोक्यातून निघालेले यंत्र होते. पश्चिमेकडून आलेली प्रत्येक वस्तू येथे किती रुजली, हे ती बैलाच्या जुवाला कितपत जोडता आली यावर ठरत गेले, हे या परिसराच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय सूत्र आहे.

या सूत्राचे पहिले टोक मुरुडच्या शेजारीच, ढोकीजवळच्या तेर या गावात सापडते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शक ग्रंथात तगराचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर असा आला असून, तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल हे गाड्यांतून, वाटा नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोच बंदराकडे नेले जात असे, अशी नोंद त्यात आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जतन केलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते, आणि रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली मातीची पदकेही तेरच्या भूमीतून मिळाली आहेत. रोमन साम्राज्याशी असलेल्या या व्यापाराचे वर्णन करताना जहाजे, बंदरे आणि सोन्याची नाणी यांचा उल्लेख सगळीकडे होतो, पण बंदरापर्यंतचा सुमारे महिन्याभराचा रस्ता तोडणाऱ्या बैलांचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक ते बैल नसते तर तगराचे कापड रोमन बाजाराला माहीतही झाले नसते.

पुढे अनेक शतके या पठारावरील दूरची मालवाहतूक लमाणांच्या तांड्यांकडे राहिली. लमाण गाडी वापरत नसत; बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या लादून शेकडो बैलांचा तांडा धान्य घेऊन किनाऱ्याकडे जाई आणि मीठ घेऊन परत येई. लातूर-नांदेड भागातील तांडे आज गावांशेजारी स्थिर वस्त्या म्हणून दिसतात, त्यामागे हा व्यवसाय हातातून निसटल्याचा इतिहास आहे. सडका आणि रेल्वे आल्यावर पाठीवर माल वाहणारा बैल निरुपयोगी ठरला आणि तो सांभाळणारा समाज उपजीविकेला मुकला. रेल्वेने या प्रदेशात काय दिले हे सांगताना तिने काय हिरावले हेही सांगितले पाहिजे, ते एवढ्यासाठीच.

रेल्वेच्या आगमनाची हकिकत मात्र विस्ताराने सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्शी हे मुंबई इलाख्यातील, म्हणजे थेट ब्रिटिश अंमलाखालील, कापूस आणि धान्याचे मोठे पेठेचे गाव होते, तर त्याच्या पूर्वेकडील मुरुड व लातूर हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत होता. मुंबईहून मद्रासकडे जाणारी मुख्य रेल्वे बार्शीपासून दूर, कुर्डुवाडीवरून गेली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हे अंतर भरून काढण्यासाठी ‘बार्शी लाइट रेल्वे’ ही कंपनी उभारली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. तिचे रूळ एकमेकांपासून केवळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतरावर होते. अशा मार्गाला ‘नॅरोगेज’ म्हणतात, तर मुख्य मार्गावरील साडेपाच फुटी रुळांना ‘ब्रॉडगेज’. रूळ जवळ असले की वळणे अधिक तीव्र घेता येतात, भराव व पूल लहान लागतात आणि खर्च पुष्कळ कमी होतो. कॅल्थ्रॉपचे खरे कौशल्य याच्याही पुढचे होते : इंजिन असो वा मालडबा, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येणार नाही अशी त्याने सर्व वाहनांची रचना केली, त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल वाहता आला. भार अनेक चाकांवर सारखा वाटून देण्याचे हे तत्त्व त्याने नंतर इंग्लंडमधील एका डोंगराळ मार्गावरही वापरले, म्हणजे बार्शीच्या मातीत सिद्ध झालेला प्रयोग परत त्याच्या मायदेशी गेला.

पूर्वेकडे सरकत सरकत हा मार्ग येडशी, ढोकी, मुरुड अशी गावे जोडत १९११ मध्ये लातूरला पोहोचला, आणि १९२७ मध्ये दुसऱ्या बाजूने मिरजेला भिडल्यावर त्याची एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. ‘बार्शी लाइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीने मुरुडसारख्या कसब्याचे तोंडच फिरवले. तोवर निजामी राज्यातील या कोपऱ्याचा राजकीय ओढा पूर्वेला हैदराबादकडे होता. आता शेतमालाचा ओढा पश्चिमेला, कुर्डुवाडीमार्गे मुंबईकडे सुरू झाला. कुर्डुवाडीत नॅरोगेजच्या डब्यातील प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवावे लागे, आणि राज्याची हद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामाचे ‘करोडगिरी’ खाते, म्हणजे जकात वसूल करणारे खाते, आपला कर घेत असे. तरीही गाड्या भरून जात होत्या. रेल्वेनंतर सहाच वर्षांनी, १९१७ मध्ये, लातूरला सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात ती गंजगोलाई आकाराला आली, हा योगायोग मानता येणार नाही.

मुरुडच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या रेल्वेमुळे बैलगाडी नाहीशी झाली नाही, उलट तिचे काम वाढले. स्थानकापर्यंत माल पोहोचवायचा तर तो खेड्याखेड्यांतून गाडीनेच आणावा लागे, आणि पूर्वी ज्या शेतकऱ्याचे जादा धान्य पेवात पडून राही त्याला आता ते विकणे परवडू लागले. अमेरिकेत १८६७ पासून टेक्सासची गुरे शेकडो मैल हाकत कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीनच्या स्थानकावर आणली जात आणि तेथून रेल्वेने पूर्वेकडील कत्तलखान्यांकडे रवाना होत. त्या गुराख्यांच्या आठवणींवरच तेथील वारसा उभा आहे. तेथे जनावर हाच माल होता. मुरुडच्या स्थानकावर मात्र जनावर माल घेऊन येई, पाणी पिऊन, कडबा खाऊन संध्याकाळी घरी परत जाई, आणि त्या घरी त्याला नाव असे. दोन्ही वारशांतील हा भेद मूलभूत आहे.

हद्दीवर असण्याचा अनुभव या पट्ट्याने १९४७-४८ मध्ये वेगळ्या प्रकारे घेतला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात बार्शी तालुक्यातील सीमेलगतच्या गावांत स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, तर पूर्वेकडील गावे रझाकारांच्या दहशतीखाली होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन होईपर्यंत कसब्यांचे व्यवहार विस्कळीत राहिले. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली, आणि १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात मुरुडचा समावेश झाला.

आता ज्या जनावराभोवती ही सारी व्यवस्था फिरली त्याच्याकडे वळणे योग्य होईल. लातूर जिल्ह्याने देशाला दिलेली देवणी ही गोवंशाची जात जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील देवणी या गावावरून ओळखली जाते. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून ती स्थिरावली असे पशुवैज्ञानिक मानतात. पांढऱ्या अंगाचे पण तोंडाच्या बाजू काळ्या असणारे ते ‘वानेरा’, अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके असणारे ते ‘बालंक्या’ आणि पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची अनियमित नक्षी असणारे ते ‘शेवेरा’, असे तिचे तीन प्रकार शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पारखून पाडले आणि शास्त्रज्ञांनी पुढे तसेच स्वीकारले. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार भागाची लाल कंधारी ही निव्वळ कष्टाची जात, तर देवणी दूध आणि ओढकाम या दोन्हींसाठी पाळण्याजोगी. कोरडवाहू शेतकऱ्याला एकाच दावणीत दोन्ही गरजा भागवून देणारी ही निवड अनेक पिढ्यांच्या शहाणपणाची आहे.

बैलाची पारख हे येथील एक स्वतंत्र शास्त्रच आहे. वय दातांवरून ठरते : दुधाचे दात न पडलेला खोंड तो ‘आदत’, खालच्या जबड्यातील कायमच्या दातांची पहिली जोडी आली की ‘दोन दाती’, मग ‘चार दाती’, ‘सहा दाती’, आणि आठही दात आले की ‘जुळलेला’. वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, किती भरलेले आहे, खूर कसे आहेत, चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो की नाही, हे पाहून मगच सौदा सुरू होई, आणि तोही रुमालाखाली बोटे धरून, म्हणजे बघ्यांना किंमत कळू नये अशा रीतीने. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, जेथे घोडे, गाढवे आणि उंटही विकायला येतात, ही या ज्ञानाची खुली विद्यापीठे होती व काही प्रमाणात अजूनही आहेत. बैलाभोवती सुताराचे जू आणि तिफण, लोहाराचा फाळ आणि चाकाची धाव, चांभाराचे पट्टे, दोरखंड वळणाऱ्याची वेसण आणि कासरा असा सबंध कारागिरांचा संसार उभा राही, आणि कसब्याच्या बाजाराला भरण येई ती मुख्यतः याच वस्तूंनी. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळण्याच्या ‘खांदेमळणी’त या सगळ्या संबंधाची कृतज्ञता सामावलेली आहे.

विसाव्या शतकात पश्चिम पुन्हा एकदा आली, ती या वेळी गोठ्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठात युरोपातील होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ नावाची संकरित गाय विकसित करण्यात आली. जर्सी आणि होल्स्टीनच्या रेतनाने गावोगावचे दूधही वाढले. पण होल्स्टीन-जर्सीला वशिंड नसते, आणि भारतीय जू वशिंडाच्या पुढच्या बाजूला टेकते. संकरित गोऱ्ह्याचा खांदा जुवाला नीट बसत नाही आणि मराठवाड्याच्या उन्हात तो लवकर दमतो. म्हणून कालवड झाली तर संकर लाभाचा, गोऱ्हा झाला तर तोट्याचा, असा हिशेब झाला. याउलट रबरी टायरचे चाक या प्रदेशाने झटकन आपलेसे केले, कारण ते जुवाच्या आड येत नव्हते. लाकडी चाकाच्या जागी टायर बसवलेल्या ‘टायरगाडी’ने त्याच बैलजोडीकडून कितीतरी अधिक ओझे ओढवले, आणि मुरुडच्या शेजारी ढोकीला उभ्या राहिलेल्या तेरणा साखर कारखान्यापासून पुढच्या काळातील कारखान्यांपर्यंत ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्यांची रांग हे हंगामातील नेहमीचे दृश्य बनले.

या सूत्रात खंड पडला तो ट्रॅक्टरने, कारण ट्रॅक्टर हे पश्चिमेकडून आलेले पहिले असे साधन ठरले ज्याला बैलाची गरजच नव्हती. मात्र बैल कमी होण्याचे सारे खापर ट्रॅक्टरवर फोडणे अपुरे ठरेल. ज्वारीचा कडबा हे बैलाचे मुख्य अन्न; गेल्या काही दशकांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आणि सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. धान्य घराचे आणि वैरण जनावराची, असा जो मेळ ज्वारीने जमवला होता तो नगदी पिकाने मोडला, आणि वैरण विकत घ्यावी लागली की लहान शेतकऱ्याला वर्षभर जोडी सांभाळणे जड जाते. ट्रॅक्टर गरज पडेल तेव्हा भाड्याने मिळतो व उरलेल्या दिवशी काही खात नाही. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर म्हाताऱ्या बैलाची विक्री कठीण झाली आणि नवी जोडी घेण्यासाठी जुन्या जोडीतून मिळणारा आधार आटला. कायद्यामागील भावना कितीही आदरणीय असली, तरी म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीची सोय शेतकऱ्याच्या माथी टाकून ती भावना पूर्ण होत नाही. देवणीचे जतन करायचे तर ते केवळ संशोधन केंद्रातील गोठ्यांत आणि प्रदर्शनांतील बक्षिसांत होणार नाही. कडब्याला भाव, चराईला गायरान आणि कामाला जोडी असेल तेथेच ती जात टिकेल, कारण ती कामातून घडलेली जात आहे.

रेल्वेचेही रूप दरम्यान बदलले. नॅरोगेजचे रूळ निघाले, २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि जुन्या गाडीने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, नव्या आखणीत मार्गावर आले. मुरुडचे स्थानक राहिले, पण धान्याची पोती आता रस्त्याने ट्रकमधून जातात. तरीही या मार्गाने एकदा आपले मोल संपूर्ण देशाला दाखवून दिले. एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले असताना, मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला लातूरला पोहोचले आणि पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. कॅल्थ्रॉपने कापूस आणि धान्य पश्चिमेकडे नेण्यासाठी आखलेल्या वाटेने शंभर वर्षांनंतर कृष्णेचे पाणी पूर्वेकडे आले, आणि ते मुरुडच्या स्थानकावरून पुढे गेले, जेथील शिवारही त्या उन्हाळ्यात तितकेच तहानलेले होते. आज याच मार्गावर लातूरजवळ हरंगुळ परिसरात रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे.

मुरुडमधील जगण्याची लय आजही या थरांवरून चालते. विद्यार्थी शिकवणीसाठी लातूरला जातात, व्यापारी सोयाबीनचे भाव मोबाइलवर पाहतात, आणि त्या भावांवर अमेरिकेतील पिकाचा परिणाम होतो हे येथील शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. पण मार्गशीर्षाच्या अमावास्येला, ज्या सणाला लातूर-धाराशिव पट्ट्यात ‘वेळ अमावस्या’ किंवा ‘येळवस’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी जाहीर करते, बाजारपेठ ओस पडते आणि सारे गाव शिवारात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले जातात, चुन्याने रंगवले जातात, आणि भज्जी, उंडे व मडक्यातील आंबील यांचे वनभोजन होते. ज्याचे शेत नाही त्यालाही कोणाच्या तरी शेतात बोलावणे असतेच. शिवाराकडे जाणाऱ्या वाटेवर त्या दिवशी मोटारसायकली, ऑटो आणि ट्रॉल्या यांचीच गर्दी असते. मात्र ज्या मोजक्या घरांनी अजून जोडी ठेवली आहे ती घरे गाडीच जुंपतात, आणि त्या गाडीत बसायला इतरांची मुले रांग लावून उभी असतात.